योग नक्की किती जुना? 'पाच हजार वर्षं' आणि 'शंभर वर्षं' या दोन्ही उत्तरांबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. योगशिक्षकाच्या वर्गात सांगतात की योग पाच हजार वर्षं जुना आहे आणि तो तसाच्या तसा आपल्यापर्यंत आला. हल्ली मात्र असंही वाचायला मिळतं की आज आपण करतो ती आसनं म्हणजे इंग्रज अमदानीत युरोपी जिम्नॅस्टिकवरून उचललेला व्यायाम. मग विद्यार्थ्यांना सांगायचं काय?

मी बरीच वर्षं योग शिकवतो आहे आणि जमेल तसे मूळ ग्रंथही वाचत आलो आहे. माझ्या मते दोन्ही बाजूंचा घोटाळा एकच आहे. योग ही एकच वस्तू आहे असं धरून दोघंही तिची जन्मतारीख शोधतात. ध्यानाला बसणं, श्वास रोखणं, शरीर वाकवणं किंवा उलटं करणं आणि तब्येतीसाठी व्यायाम करणं, या चार गोष्टींची वयं वेगवेगळी आहेत. त्या चारही एका सतरंजीवर आल्या त्या अगदी अलीकडे. म्हणून मी प्रत्येकीचा माग वेगळा काढतो.

पाच हजारांचा आकडा येतो मोहेंजोदडोच्या एका मुद्रेवरून, म्हणजे शिक्क्यावरून. १९२८-२९च्या उत्खननात मिळालेली ही मुद्रा जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची आहे आणि सध्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असते. मधली आकृती शिंगांचा मुकुट घालून बसलेली, भोवती हत्ती, वाघ, गेंडा आणि रेडा. पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शल यांनी १९३१ साली लिहिलं की हा योगासनात बसलेला आद्य शिव. तेव्हापासून 'पशुपती' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. टाचा जुळवून गुडघे फाकवलेली ती बैठक पाहिली की मूलबंधासन आठवतं, हे खरं आहे. पण शिंगं रेड्याची दिसतात, लिपी अजून वाचता आलेली नाही, आणि कोणी कसं बसलंय यावरून त्याच्या मनात काय चाललं होतं ते कळत नाही. बरं, पुरावा मानायचाच म्हटलं तरी मुद्रेचं वय चार-सव्वाचार हजारांच्या घरात भरतं. मी वर्गात ही मुद्रा दाखवतो, पण तिच्यावर इमला बांधत नाही.

ऋग्वेदात केशीसूक्त आहे (१०.१३६). लांब केसांचा, मळकट पिंगट वस्त्रं पांघरणारा, वाऱ्यावर स्वार होणारा आणि रुद्राबरोबर विष पिणारा मुनी त्यात येतो. हा नक्कीच कोणीतरी साधक आहे, पण तो नेमकं काय करायचा याची कृती सूक्तात नाही. वेदकाळाबद्दल मी इथेच थांबतो. तिथे आजची साधना शोधणारे लोक बहुधा ती सोबत घेऊनच गेलेले असतात.

कृती दिसायला लागते ती श्रमणांच्या काळात, म्हणजे इ. स. पूर्व पाचव्या शतकाच्या आसपास. घर सोडून रानात गेलेल्या, यज्ञ नाकारणाऱ्या या लोकांत बुद्ध होते, महावीर होते, आजीवक होते. बुद्धांनी आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त या दोघांकडे ध्यान शिकलं, म्हणजे ध्यानाचे शिक्षक त्यांच्या आधीपासून होते. पाली महासच्चक सुत्तात ते आपल्या खटपटी सांगतात: दातावर दात दाबले, जीभ टाळूला लावली, मग नाका-तोंडातून श्वास बंद केला. डोक्यात भयंकर कळा उठल्या आणि हाती काही आलं नाही. त्यांनी तो नाद सोडला. पण ज्यांनी प्राणायामाचा कुंभक (श्वास रोखणं) किंवा खेचरी मुद्रेचा (जीभ मागे वळवून टाळूला लावणं) अभ्यास केलाय त्यांना हे वर्णन ओळखीचं वाटेल. हठयोगात, म्हणजे शरीर आणि श्वास यांच्यावर काम करणाऱ्या योगात, दीड हजार वर्षांनी जे मानाने आत आलं, ते आधी अंगाला छळणारं तप म्हणून वावरत होतं. जैनांकडेही असंच आहे. महावीरांना केवलज्ञान झालं ते गोदोहिका आसनात, म्हणजे गाईची धार काढायला बसतात तसं उकिडवं बसून, असं परंपरा सांगते.

बाहेरच्या माणसाची साक्षही आहे. अलेक्झांडरबरोबर आलेल्या ओनेसिक्रिटसने तक्षशिलेजवळ पंधरा नग्न साधू पाहिले. कोणी उभा, कोणी बसलेला, कोणी आडवा, आणि संध्याकाळपर्यंत सगळे तसेच निश्चल. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने हे नोंदवून ठेवलंय. इ. स. पूर्व ३२६च्या सुमाराची ही गोष्ट. याला आसन म्हणायचं की तप? त्या काळी हा फरक बहुतेक कोणी करत नसावं.

योग या नावाने साधनेची व्याख्या उपनिषदांत मिळते. कठोपनिषद सरळ सांगतं की इंद्रियांची स्थिर धारणा म्हणजे योग. श्वेताश्वतराच्या दुसऱ्या अध्यायात तर जवळजवळ वर्गातल्या सूचना आहेत: छाती, मान आणि डोकं हे तिन्ही उंच व सरळ ठेवून बसा, जागा सपाट, स्वच्छ, खडे-वाळू-आग नसलेली आणि वाऱ्यापासून आडोशाची निवडा, श्वास आवरून धरा. पुढे पहिल्या खुणाही दिल्या आहेत, त्यात अंगाचा हलकेपणा, निरोगीपण, हव्यास सुटणं, आवाज चांगला होणं. गीतेच्या सहाव्या अध्यायातली बैठक हीच आहे: फार उंच नाही, फार खाली नाही, दर्भ-मृगाजिन-वस्त्र अंथरलेली. म्हणजे ताठ बसून मन आवरणं, ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात कमी बदललेली गोष्ट. तिचं वय खुशाल अडीच हजार वर्षं सांगा, कोणी हरकत घेणार नाही.

आता पतंजली. योगसूत्रांचा काळ ठरवताना अभ्यासकांत इ. स. पूर्व दुसऱ्या शतकापासून इ. स. चौथ्या-पाचव्या शतकापर्यंत मतं आहेत. व्याकरणकार पतंजली आणि हे पतंजली एकच मानले तर काळ मागे जातो. भाषा आणि विचार बघता मला अलीकडचा काळ, इ. स. ४००च्या आसपासचा, जास्त पटतो. हा मुद्दा का महत्त्वाचा, ते दोन जागांवर कळतं. १.३३ मधली मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा ही चौकडी बौद्धांच्या चार ब्रह्मविहारांशी तंतोतंत जुळते. आणि अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह हे पाच यम म्हणजे जैनांची पाच महाव्रतं. पुढच्याच सूत्रात पतंजली 'महाव्रत' हाच शब्द वापरतात. सांख्यांचं तत्त्वज्ञान, बौद्धांचं ध्यान, जैनांचे नेम हे सगळं एका जागी नीट मांडणारा हा माणूस होता. योगाचा जनक म्हणून त्यांच्या तसबिरीला हार घालतात, पण आपण नवीन काही सांगतोय असा त्यांचा स्वतःचा दावाच नाही. पहिलंच सूत्र 'अथ योगानुशासनम्' आहे, म्हणजे आधीपासून चालत आलेल्या योगाची शिकवण आता सांगतो.

आसनावर त्यांची सूत्रं तीन. ते स्थिर आणि सुखाचं असावं, प्रयत्न सैल सोडून आणि अनंताशी मन जुळवून साधावं, म्हणजे थंडी-उष्णासारखी द्वंद्वं त्रास देत नाहीत. बास. एकाही आसनाचं नाव नाही. योगसूत्रांवरच्या जुन्या भाष्यात डझनभर नावं येतात: पद्मासन, वीरासन, भद्रासन, स्वस्तिक, दंडासन, हत्ती-उंट-क्रौंच बसतात तशा बैठका. 'सोपाश्रय' नावाचं एक आहे, म्हणजे आधार घेऊन बसणं. पट्टा किंवा टेकू घेतला की आसन अशुद्ध झालं असं मानणाऱ्यांना मी हे नाव मुद्दाम दाखवतो. ही सगळी आसनं बसण्याचीच. पतंजलीसाठी शरीर ही एक नीट लावून द्यायची आणि मग विसरायची गोष्ट आहे.

शरीर विसरायचं नाही, त्याच्यावरच काम करायचं, ही उलटी दिशा तंत्रातून आली. नाड्या, चक्रं, बिंदू, कुंडलिनी ही सगळी मांडणी शैव आणि बौद्ध तांत्रिकांची. अकराव्या शतकातला अमृतसिद्धी हा ग्रंथ बौद्ध सिद्धांच्या वर्तुळातला, आणि हठयोगाच्या महामुद्रा, महाबंध, महावेध या क्रिया त्यात प्रथम सविस्तर दिसतात. 'हठ' हे नाव देऊन रीतसर शिकवणारा दत्तात्रेययोगशास्त्र हा ग्रंथ साधारण तेराव्या शतकातला. त्यातलं एक विधान मला फार आवडतं: ब्राह्मण असो, श्रमण असो, बौद्ध, जैन, कापालिक वा चार्वाक असो, अभ्यास करेल त्याला सिद्धी मिळेल. देव-परलोक न मानणाऱ्या चार्वाकालाही सवलत!

याच शतकाच्या अखेरीस आपल्याकडे ज्ञानेश्वरी झाली, शके १२१२ म्हणजे १२९० साली. मराठी वाचकाला हठयोगाचा इतिहास बघायला लांब जावं लागत नाही, सहावा अध्याय उघडला तरी पुरे. गीतेतले श्लोक साधे आहेत: जागा निवडा, ताठ बसा, नाकाच्या टोकाकडे पाहा. कुंडलिनीचा तिथे उल्लेखही नाही. ज्ञानेश्वर त्याच श्लोकांवर थांबतात आणि टाच कुठे दाबायची इथपासून सुरुवात करतात. मूळबंध सांगतात, त्याचं दुसरं नाव वज्रासन म्हणून देतात, मग जालंधर, मग उड्डियान (गळा आणि पोट आवळण्याचे बंध), आणि मग कुंडलिनी जागी होते: 'नागिणीचें पिलें । कुंकुमें नाहलें । वळण घेऊनि आलें । सेजे जैसें'. पुढे ती देहातले धातू खाऊन टाकते आणि देह नव्याने घडतो, हे वर्णन तर ओव्यांमागून ओव्या चालतं. मला कौतुक वाटतं ते याचं की, हे कुठून आणलं तेही ते लपवत नाहीत. पिंडाने पिंडाचा ग्रास घेणं हा 'नाथसंकेतींचा दंशु' आहे, आणि महाविष्णूने गीतेत त्याचा नुसता इशारा केला, असं ते स्वतःच म्हणतात. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती ही गुरुपरंपरा त्यांच्यामागे होती. जुन्या ग्रंथात नवी साधना कशी बसवली जाते, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल. योगाचा इतिहास असाच पुढे सरकलाय. श्लोक तेच राहतात, आतली साधना बदलते.

पंधराव्या शतकात स्वात्मारामांनी हठप्रदीपिका रचली. रचली म्हणण्यापेक्षा जुळवली, कारण त्यातले कितीतरी श्लोक आधीच्या ग्रंथांतून थेट उचललेले आहेत. आसनं पंधरा. कुक्कुटासन, मयूरासन, धनुरासन, मत्स्येंद्रासन, पश्चिमोत्तानासन यांच्यासारखी बैठकीपलीकडची आसनं आता आत आली आहेत, शवासनही आहे. उभं राहून करायचं एकही नाही. आणि आसन हा इथे पहिला टप्पा आहे. खरा जीव प्राणायामात आणि मुद्रांत. विपरीतकरणी घ्या. डोकं खाली पाय वर करायचे कशासाठी? तर टाळूकडच्या चंद्रातून झरणारं अमृत नाभीकडच्या सूर्यात जळून जाऊ नये म्हणून. पहिल्या दिवशी क्षणभर, मग रोज थोडं थोडं वाढवायचं. सहा महिन्यांनंतर सुरकुत्या आणि पिकलेले केस दिसणार नाहीत असं आश्वासन आहे. आज आपण तीच कृती करतो आणि रक्ताभिसरणाची भाषा बोलतो. (केसांच्या बाबतीत माझा अनुभव ग्रंथाशी जुळत नाही.)

यानंतर आसनांची संख्या झपाट्याने वाढते. सतराव्या शतकातली हठरत्नावली चौऱ्याऐंशी आसनांची यादी देते, घेरंडसंहिता बत्तीस सांगते आणि त्यात वृक्षासन, भुजंगासन, शलभासन, उष्ट्रासन सापडतात. १६००च्या सुमारास शहजादा सलीमसाठी अलाहाबादेत तयार झालेल्या बह्र-अल-हयात या फारसी ग्रंथाच्या सचित्र पोथीत योग्यांच्या आसनांची चित्रं आहेत. हंपीच्या मंदिरांतल्या खांबांवर अवघड आसनं कोरलेली आहेत. म्हणजे 'शंभर वर्षांपूर्वी आसनं नव्हतीच' हे म्हणणं उघडच चूक.

आणि या म्हणण्याला सगळ्यात मोठा धक्का देणारी पोथी पुण्यात आहे. भारत इतिहास संशोधक मंडळातली हठाभ्यासपद्धती, अठराव्या शतकातली, कपाल कुरंटक नावाच्या योग्याची. यात ११२ आसनं आहेत आणि ती गटवार लावली आहेत: उताणी, पालथी, बसून, उभ्याने, आणि चक्क दोरीवरची. काही आसनं एकाच स्थितीत थांबत नाहीत, पुन्हा पुन्हा करायची आहेत. त्यातलं गजासन वाचताना तालमीतला दंड डोळ्यांसमोर येतो. अंग कणखर करून मग षट्कर्मांकडे, म्हणजे शरीरशुद्धीच्या सहा क्रियांकडे, वळायचं, असा क्रम. एकोणिसाव्या शतकात म्हैसूरच्या राजवाड्यात तयार झालेल्या श्रीतत्त्वनिधी या ग्रंथात १२२ आसनांची चित्रं आहेत आणि त्यांचं या पोथीशी जवळचं नातं आहे. आखाडा आणि योग यांची देवाणघेवाण युरोपी कवायत येण्याआधीच सुरू झाली होती, हे यावरून दिसतं.

मग दुसऱ्या बाजूत तथ्य काहीच नाही का? आहे, आणि ते सूर्यनमस्कारात सगळ्यात स्वच्छ दिसतं. सूर्याला मंत्र म्हणून नमस्कार घालण्याची चाल जुनी, बलोपासना म्हणून नमस्कार काढण्याची परंपराही समर्थांशी जोडली जाते. पण योगग्रंथांत ते नाहीत. उलट हठप्रदीपिकेवर एकोणिसाव्या शतकात ब्रह्मानंदांनी ज्योत्स्ना नावाची टीका लिहिली, तिथे साधकाने काय टाळावं यात देहाला शिणवणाऱ्या गोष्टींची उदाहरणं देताना ते म्हणतात: पुष्कळ सूर्यनमस्कार घालणं आणि जड ओझी उचलणं. म्हणजे तेव्हा लोक सूर्यनमस्कार भरपूर घालत होते, आणि योगी त्यापासून लांब राहा म्हणत होता. त्यानंतर औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९२०च्या दशकात त्यांचा जोरदार प्रचार केला, संस्थानच्या शाळांत ते सक्तीचे केले, तेही आरोग्याचा व्यायाम म्हणून. १९३०च्या दशकात म्हैसूरच्या राजवाड्यातसुद्धा सूर्यनमस्काराचा वर्ग आणि योगशाळा वेगवेगळे चालत. ते योगात मिसळले ते त्यानंतर.

मधल्या काळात हठयोगाची पत पार घसरली होती. शस्त्र बाळगणारे गोसावी-बैरागी कंपनी सरकारला नकोसे झाले होते, आणि इंग्रजी शिकलेल्या मंडळींना जोगी म्हणजे खिळ्यांच्या पाटावर झोपणारा भिकारी वाटू लागला. विवेकानंदांनी १८९३ साली शिकागो गाजवलं आणि १८९६मध्ये राजयोगावर पुस्तक आणलं. त्यात पतंजली पुढे आणले आणि हठयोग बाजूला सारला. अवघड कसरती करून माणूस दीर्घायुषी होईल, आध्यात्मिक प्रगती फारशी होणार नाही, असा त्यांचा सूर.

हठयोगाला पुन्हा अंगणात आणलं ते बव्हंशी मुंबई इलाख्यातल्या आणि म्हैसूरच्या लोकांनी. मणिभाई देसाई, म्हणजे योगेंद्र, यांनी १९१८ साली मुंबईत वर्सोव्याला दादाभाई नौरोजींच्या बंगल्यात योग संस्था सुरू केली. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात तयार झाले, मालसरच्या माधवदास महाराजांकडे योग शिकले आणि १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक. त्यांनी केलेली नवी गोष्ट अशी की उड्डियान आणि नौली (पोटाचे स्नायू घुसळणं) चालू असताना पोटातला दाब प्रत्यक्ष मोजला आणि क्ष-किरणांनी आतड्यांची हालचाल पाहिली. नौलीत पोटात ऋण दाब तयार होतो हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. आजच्या योगोपचाराचं मूळ इथे आहे. 'अमुक आसन अमुक आजारावर' ही भाषा जुन्या ग्रंथांतही तुरळक सापडते, पण तिला प्रयोगशाळेत नेलं लोणावळ्याने.

म्हैसूरला कृष्णम्माचार्य १९३०च्या दशकात राजवाड्यातल्या मुलांना शिकवत होते. विद्यार्थी तरुण, उत्साही. श्वासाला जोडून एका आसनातून दुसऱ्यात जाणारी त्यांची वेगवान पद्धत त्या वर्गाला साजेशी होती. आजूबाजूला कुस्ती होती, वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेची कवायत होती, डेन्मार्कच्या नील्स बुखची जिम्नॅस्टिक तेव्हा जोरात होती. यातून काहीच उचललं नसेल असं मला वाटत नाही, पण सगळं तिथलंच हेही ग्रंथ पाहता टिकत नाही. त्यांचे शिष्य पट्टाभि जोइस, इंद्रा देवी आणि बी. के. एस. अय्यंगार. अय्यंगार १९३७ साली पुण्याला आले आणि तिथलेच झाले. हठप्रदीपिकेत आणि घेरंडसंहितेत नसलेलं त्रिकोणासन आज जगभर ज्या बारकाईने शिकवलं जातं, पावलाची कड, गुडघ्याची वाटी, छातीचं वळण, ती बारकाई अय्यंगारांची. पतंजली शरीर विसरा म्हणतात आणि अय्यंगार पायाच्या करंगळीपर्यंत लक्ष न्यायला सांगतात. दोघांना वाट तीच वाटते, यातच गंमत आहे.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. ११ डिसेंबर २०१४ला संयुक्त राष्ट्रांनी ठराव केला, १७७ देश त्याचे सहप्रस्तावक होते, आणि २१ जून २०१५ला पहिला योग दिन झाला.

तुमच्या विद्यार्थ्यांना दाखवायला त्या दिवसाचा सामाईक क्रम उत्तम आहे, कारण त्यात सगळे थर एकावर एक दिसतात. सुरुवातीची 'संगच्छध्वं' ही प्रार्थना ऋग्वेदाच्या अगदी शेवटच्या सूक्तातली, आणि तिथे तिचा योगाशी संबंध नाही. ताडासन आणि त्रिकोणासन आजच्या रूपात विसाव्या शतकातली. वृक्षासन, भुजंगासन, शलभासन, मकरासन घेरंडाकडची, म्हणजे तीनेकशे वर्षांची. शवासन, शीतली, भ्रामरी आणि कपालभाती हठप्रदीपिकेत आहेत. भद्रासन त्याहून हजार वर्षं आधीच्या, योगसूत्रांवरच्या भाष्यात. आणि शेवटी डोळे मिटून पाठ ताठ करून बसायला सांगतात, ते श्वेताश्वतराचं. फळ्यावर एका बाजूला क्रम लिहा, दुसऱ्या बाजूला शतकं. सूर्यनमस्कार या क्रमात नाहीत. ते का वगळले यावर २०१५ साली पुष्कळ भांडण झालं. ब्रह्मानंदांना विचारलं असतं तर त्यांनी तिसरंच कारण सांगितलं असतं.